कीड वेगळी, किटण वेगळं

मराठीनं दाताचे लाड भरपूर केले आहेत. आपण दात काढतो, दात विचकतो, दात-ओठ खातो, कुणावर वर्षानुवर्षं दात धरून बसतो. तेच तेच सांगून दातांच्या कण्या करतो आणि संधी मिळाली की समोरच्याचे दात त्याच्याच घशात घालतो. दात कोरून पोट भरत नाही हे आपल्याला ठाऊक असतं, आणि दात व चणे यांची गाठ पडत नाही हेही. पुढच्या दातांना सुताराच्या हत्याराचं नाव मिळालं, पटाशी. टोकदाराला सुळा म्हटलं. सगळ्यात उशिरा येणाऱ्या दाढेच्या पदरात तर अक्कलच टाकली.

ही दाढ मुळात मोठ्या घरची. संस्कृतात ती दंष्ट्रा. वराहाची, वाघाची, राक्षसाची, म्हणजे फाडून खाणारी. प्राकृतात ती दाढा झाली आणि मराठीत पोचेपर्यंत इतकी निवळली की शिळी भाकरी चघळण्यापलीकडे तिच्याकडून काही अपेक्षाच उरली नाही. दाढीसुद्धा याच घराण्यातली मानतात. दाढेच्या अंगानं उगवते ती दाढी.

आणि हिरडी? तिच्या वाट्याला जवळजवळ काहीच आलं नाही. हिरडीवरून कुणी टोमणा मारत नाही, की हिरडी कुणी कुणावर धरत नाही. रोजच्या बोलण्यातही तिचं नाव दातच खातो. सकाळी बेसिनमध्ये लाल थुंकी दिसली की आपण म्हणतो, "दातातून रक्त येतंय." दातातून रक्त येत नाही. येतं ते हिरडीतून. पण तक्रार दाताच्या नावानं नोंदवली जाते आणि मग उपाय म्हणून दात आणखी जोरात घासला जातो, किंवा रक्त येतंय म्हणून घासणंच बंद होतं. दोन्हींचा फायदा आजाराला.

शेजारपाजारी विचारावं तर हिंदीत मसूडा, गुजरातीत पेढुं, कन्नडात वसडु. दात म्हटलं की संस्कृत दंत, फारसी दंदान, लॅटिन देन्स, इंग्रजी टूथ अशी लांबलचक सोयरीक निघते. हिरडीच्या बाबतीत मात्र शेजारणींचा एकमेकींशीही चेहरा जुळत नाही. मग माणूस आपल्याच घरात नातं शोधतो आणि हिरड्यापाशी येऊन थांबतो. हिरडा तुरट, दंतमंजनात पडणारा, हिरड्या आवळणारा. तेव्हा हिरडीवर लावायचा तो हिरडा, असं म्हणायला जीभ शिवशिवते. पण हिरडा हरीतकीचा वंशज, आणि हरीतकीला नाव मिळालं ते हिरव्या-पिवळ्या रंगावरून, तोंडातल्या कामावरून नाही. असाच दुसरा मोह म्हणजे डॉक्टरांचा शब्द जिंजिवा. हिरडीचं हे लॅटिन नाव ऐकून कुणाला जिव्हा आठवली तर नवल नाही. जिव्हेची खरी सख्खी मात्र लॅटिनमधली लिंग्वा. कानाला सारखं वाटणं एवढ्यावर सोयरीक ठरवायची नसते.

या नियमाचा सगळ्यात चांगला दाखला तोंडातच आहे: कीड आणि किटण.

दोन्ही शब्द एकाच मुळातून फुटल्यासारखे वाटतात. दाताला कीड लागते, दातावर किटण बसतं. पण कीड आली कीटापासून, म्हणजे किड्यापासून. संस्कृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला एकटा 'ट' प्राकृतात मऊ होऊन 'ड' होतो, जसा घटाचा घडा झाला. किटण आलं ते किट्टापासून. किट्ट म्हणजे गाळ, मळ, धातूवरचा गंज. लोखंडावर चढतं ते लोहकिट्ट. अन्न पचल्यावर सार वेगळं होऊन उरतं तेही किट्ट. इथला 'ट' जोडाक्षरात होता. जोडाक्षराची एक पायरी गळाली, पण 'ट' टणकच राहिला. म्हणून तेलाच्या डब्याच्या बुडाशी कीट साचतं आणि तांदळाला कीड लागते, आणि हे दोन मराठी माणूस कधी एकमेकांत मिसळत नाही.

दातांच्या बाबतीत मात्र सर्रास मिसळतो. कीड दात पोखरते. दात काळा पडतो, भोक पडतं, ठणका लागतो, माणूस रात्रीचा गाल धरून बसतो. किटण दाताला काही करत नाही. ते दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर बसतं, हळूहळू खाली सरकतं, हिरडी सुजते, मागे हटते, आणि दात ज्या हाडात रोवलेला असतो ते हाड झिजत जातं. दात शेवटी पडतो तेव्हा तो स्वतः धडधाकट असतो. दुखलेलंही नसतं. 'माझ्या दातांना एकही कीड नाही' असं अभिमानानं सांगणाऱ्याचे दात पन्नाशीत हलायला लागतात ते असे.

गंमत अशी की किटणात कीट असतातच. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेव्हेनहुक याला भिंगं घासायचा नाद होता. सप्टेंबर १६८३ मध्ये त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात आपल्याच दातांमधला पांढरा मळ भिंगाखाली धरल्यावर त्यात वळवळणारे जीव दिसल्याचं कळवलं. जन्मात दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याचं तोंडही त्यानं तपासलं. तिथे तर जत्राच होती. सूक्ष्मजंतू माणसाला दिसले त्या पहिल्या काही जागांपैकी ही एक. व्याकरणानं वेगळे केलेले दोन शब्द भिंगानं असे एकत्र आणले. तरी मराठीतला फरक मोडत नाही. कीड म्हणजे दाताचा रोग, किटण म्हणजे हिरडीच्या रोगाचं बिऱ्हाड, ही वाटणी दवाखान्यात आजही कामाची आहे.

सुश्रुतसंहितेत या किटणाचं नाव दंतशर्करा. इथेही सांभाळायला हवं, कारण शर्करा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे साखरेचा डबा येतो. शर्करा म्हणजे मुळात खडे, वाळू, रेव. ऊस उकळून खडे पडले म्हणून तीही शर्करा, आणि तिचीच पुढे मराठीत साखर, फारसीत शकर, अरबीतून युरोपात जाऊन शुगर झाली. दंतशर्करा म्हणजे दातावरची रेव. लॅटिननंही नेमकं तेच पाहिलं. दंतवैद्य ज्याला कॅल्क्युलस म्हणतात तो शब्द म्हणजे छोटा खडा. रोमन लोक खडे मांडून हिशेब करत, त्यावरून कॅल्क्युलेट, कॅल्क्युलेटर. दात खरवडणारा डॉक्टर आणि हिशेब करणारं यंत्र यांच्या नावात एकच खडा आहे. हिरडीचा धोका मोजण्याच्या गोष्टीकडे पुढे यायचं आहे, तेव्हा हा खडा खिशात असू द्या.

ही रेव काढताना दंतमूलाला इजा होऊ देऊ नये, असं सुश्रुतात बजावलं आहे, आणि ती काढायच्या हत्याराचं नाव दंतशंकु. म्हणजे आज ज्याला स्केलिंग म्हणतात ते. 'साफ केल्यानं दात ढिले होतात' ही आपल्याकडची जुनी भीती. दात आधीच ढिले झालेले असतात. किटणाच्या थरानं ते एकमेकांना लिंपलेले असतात एवढंच. थर निघाला की फट दिसते, दात हलतो आणि खापर डॉक्टरच्या डोक्यावर फुटतं.

सुश्रुतानं निदानस्थानात मुखरोग ६५ मोजले. त्यातले खुद्द दातांचे ८ आणि दंतमूलाचे, म्हणजे हिरडीचे, १५. मराठी वाक्प्रचारांनी उलटं केलेलं माप तिथे सुलटं आहे. नावं वाचत बसावीत अशी: शीताद, दंतपुप्पुटक, दंतवेष्टक, शौषिर, महाशौषिर, परिदर, उपकुश. शौषिर हे सुषिरावरून. सुषिर म्हणजे पोकळ. बासरी आणि सनई यांना सुषिर वाद्यं म्हणतात ती त्याच पोकळीमुळे. दातांच्या आठांमध्ये एक दंतहर्ष आहे. दातांना कसला आलाय हर्ष, असं वाटेल. पण हर्ष म्हणजे आधी शहारणं, काटा येणं, रोमहर्ष आठवा. आंबट कैरी खाल्ल्यावर दात आंबतात, थंड पाण्यानं शिवशिवतात, तो हा हर्ष. आनंद मागाहून आला.

दंतवेष्टक या रोगात पू आणि रक्त वाहतं, दात हलू लागतात, असं वर्णन आहे. आपण याला पायरिया म्हणतो. हा शब्द इतका मुरला आहे की खेड्यातली म्हातारीही 'पायऱ्या झालाय' म्हणते आणि तो परका आहे हे तिच्या मनातही येत नाही. ग्रीकमधून बनवलेला हा शब्द: प्युऑन म्हणजे पू, आणि ऱ्होइया म्हणजे वाहणं. डायरियातला 'रिया' तोच.

आता थोडं खोलात. ग्रीक प्युऑन आणि संस्कृत पूय हे एकाच धातूचे. लॅटिनमध्ये तो पस झाला आणि मराठीत झिजून नुसता पू उरला. ग्रीक ऱ्होइया आणि संस्कृत स्राव हेही एकाच मुळाचे. शब्दाच्या सुरुवातीचा 'स्र' ग्रीकांच्या तोंडात टिकला नाही, त्यातला 'स' गळून 'ऱ्ह' झाला. म्हणजे पायरिया आणि पूयस्राव यांत एक मूळ आणि दुसरं भाषांतर असं काही नाही. हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेली ही दोन भावंडं, एक अथेन्सला वाढलं, एक काशीला, आणि भेट झाली ती दवाखान्यात.

रोगाला हे नाव पडलं एकोणिसाव्या शतकात. त्याआधी फ्रान्समधल्या फोशार यांनी, ज्यांना आधुनिक दंतवैद्यकाचा जनक म्हणतात, त्याला स्कर्व्हीचाच एक प्रकार मानलं होतं. अमेरिकेत बराच काळ तो रिग्जचा रोग म्हणून ओळखला जाई. जॉन रिग्ज हे कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डचे दंतवैद्य. ११ डिसेंबर १८४४ रोजी होरेस वेल्स या दुसऱ्या दंतवैद्यानं स्वतः हसवणारा वायू हुंगून आपली दाढ काढून घेतली, ती काढणारे हात रिग्ज यांचे. बधिर करून शस्त्रक्रिया करण्याच्या इतिहासात वेल्स यांचं नाव राहिलं. रिग्ज मात्र पुढे हिरडीकडे वळले आणि किटण खरवडलं तर दात वाचतो हे सांगत राहिले. तेव्हाचे लोक हलणारा दात उपटून मोकळे होत. माझ्या मते रिग्ज यांचं हे दुसरं काम पहिल्याहून लहान नाही. पण हिरडीसाठी काही केलेल्या माणसाला प्रसिद्धी मिळत नाही, हे फक्त मराठीपुरतं नसावं. पुढे १९२०च्या दशकात फोरहॅन्स टूथपेस्टच्या अमेरिकी जाहिरातींनी पाचांतल्या चौघांना पायरिया होतो असा धाक घातला. हीच टूथपेस्ट हिरड्यांची म्हणून आपल्याकडेही अनेक वर्षं घरोघर होती.

पूयातल्या 'पू'ला संस्कृतात एक बहुरूपी जोडीदार आहे. पाणिनीय धातुपाठात एक पू आहे सडण्याचा, दुर्गंधीचा. दुसरा पू आहे शुद्ध करण्याचा: पवित्र, पावन, पवन हे त्याचे. चरकानं दात घासायच्या काडीला नाव दिलं दंतपवन, दाताला शुद्ध करणारं. पालीत ते दंतपोण झालं, प्राकृतात दंतवण, आणि मराठीत दातवण. तेव्हा दातवणाच्या पोटात एक पू आहे आणि ते न केल्यास हिरडीतून येतो तो दुसरा पू. दिसायला एक, नातं काही नाही. चरकानं दातवण दिवसातून दोनदा सांगितलं, करंज, रुई, अर्जुन अशा कडू-तुरट झाडांचं, आणि ते हिरडीला न दुखवता करावं असं वर जोडलं.

वेष्ट या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. दंतवेष्ट म्हणजे दाताला वेढून असलेलं. वेष्टाचा प्राकृतात वेढ झाला, त्यावरून मराठी वेढा, वेढणं. आधुनिक शास्त्र हिरडी, हाड आणि दाताला हाडाशी बांधणारे तंतू या सगळ्यांना मिळून पेरिओडोंशियम म्हणतं. पेरी म्हणजे सभोवती, ओडोंट म्हणजे दात. पेरी आपल्या 'परि'चा भाऊ आणि ओडोंट दंताचा. दोन्हीकडच्या वैद्यांना एकच गोष्ट सुचली: दाताचा आजार आणि दाताच्या वेढ्याचा आजार निराळे.

हा वेढा किती ढिला झाला हे पाहायचं साधन म्हणजे प्रोब. बारीक सळई, टोक बोथट. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रोबला टोकाशी अर्ध्या मिलिमीटरचा गोळा असतो आणि पुढे साडेतीन ते साडेपाच मिलिमीटर एवढा काळा पट्टा. ती दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद उतरवायची. निरोगी हिरडीत एक ते तीन मिलिमीटरवर ती थांबते. प्रत्येक दाताला सहा जागी, तीन गालाकडून, तीन जिभेकडून. अक्कलदाढा सोडून २८ दात धरले तर १६८ आकडे. डॉक्टर बोलत जातात, मदतनीस मुलगी लिहीत जाते: "तीन, दोन, तीन. तीन, दोन, चार. चार, तीन, सहा, रक्त." खुर्चीत आ वासून पडलेल्या माणसाला एवढं कळतं की आकडा लहान असला तर बरं आणि 'रक्त' ऐकू आलं तर बरं नाही. खोल गेलेल्या फटीला सगळे पॉकेटच म्हणतात. खिसा कुणी म्हणत नाही. म्हणायला हरकत नव्हती. खिसा तरी कुठे आपला होता, तो फारसीतल्या कीसा म्हणजे पिशवीतून आलेला.

प्रोबला जुना शब्द आहे, एषणी. सुश्रुताची एषणी गांडुळाच्या तोंडासारख्या बोथट टोकाची, जखमेतली पोकळ नळी किती आत गेली ते पाहण्यासाठी. दंतमूलाच्या पंधरा रोगांत पाच अशा नाड्याच आहेत. एषणी 'शोधणे' या अर्थाच्या धातूची. त्याच धातूचं अन्वेषण. केंद्रीय अन्वेषण विभाग म्हणजे सीबीआय आणि दातांच्या डॉक्टरची सळई हे एका गोत्राचे, आणि दोघांचीही घरी येणारी चाहूल कुणाला आवडत नाही.

पण सळईनं कळतं ते आजवर झालेलं नुकसान. पुढे काय होईल, ते कसं कळायचं? इथे जोखीम येते.

१९७० साली नॉर्वेचे हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रीलंकेतल्या चहामळ्यांतले ४८० पुरुष मजूर पाहायला सुरुवात केली. हे लोक दात घासतच नसत. सगळ्यांच्या दातांवर किटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. आणि कीड जवळजवळ नाही. किटणाचा परिणाम एकट्यानं पाहायला याहून चांगली जागा मिळणं कठीण होतं. १९८६ मध्ये निष्कर्ष छापले. मळ सारखाच, खाणं-राहणं सारखंच, तरी ११ टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. ८१ टक्क्यांचा बेताबेतानं वाढला. आणि ८ टक्क्यांचे दात पस्तिशीला सरासरी १२ गेलेले, चाळिशीला २०, पंचेचाळिशीला सगळे. 'आमच्या आजोबांनी जन्मात ब्रश धरला नाही, तरी शेवटपर्यंत ऊस खाल्ला' हे खरं असू शकतं. ते अकरा टक्क्यांतले. नातू त्यांच्यातला आहे की आठांतला, एवढाच प्रश्न.

जोखीम हा शब्द दोन बाजूंनी मजेदार आहे. जोखणं म्हणजे तोलणं, आणि आपण तोलून-जोखून बघतो, म्हणून जोखीम जोखण्यातून आली असं कानाला वाटतं. कोशकारांनी दिलेली वाट वेगळी आहे: योगक्षेम. प्राकृतात त्याचं जोगक्खेम, जोअक्खेम होत होत हिंदीत जोखिम, गुजरातीत जोखम आणि मराठीत जोखीम. योग म्हणजे नसलेलं मिळवणं, क्षेम म्हणजे मिळालेलं राखणं. आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यात हाच शब्द आहे आणि नरिमन पॉइंटच्या त्यांच्या मुख्य कार्यालयाचं नावच 'योगक्षेम'. सुरक्षेचा शब्द धोक्याचा कसा झाला? मधली पायरी पेढीवर सापडते. जोखीम म्हणजे सांभाळायला घेतलेला मौल्यवान ऐवज, दागिने, रोकड. जुने लोक प्रवासात 'जवळ जोखीम आहे' म्हणत, ते सोनं जवळ आहे या अर्थानं. ऐवज आला की तो जायची भीती आली, आणि पुढे ऐवज विसरला, भीती तेवढी शब्दाला चिकटून राहिली.

हिरडीची जोखीम मोजायची एक रीत स्वित्झर्लंडमधल्या बर्न विद्यापीठाचे लांग आणि टोनेत्ती यांनी २००३ मध्ये मांडली. कोळ्याच्या जाळ्यासारखा षटकोन, सहा आरे. किती जागी रक्त आलं, पाच मिलिमीटर वा जास्त खोल किती फटी उरल्या, २८ पैकी किती दात गेले, हाड किती झिजलं, मधुमेहासारखा आजार किंवा आनुवंशिक कल आहे का, आणि धूम्रपान. नऊ टक्के जागांपर्यंत रक्त आलं तर जोखीम कमी, पंचवीसच्या वर गेलं तर जास्त. सहा बिंदू जोडले की जो आकार होतो तो जेवढा पसरट तेवढ्या लवकर माणसाला परत बोलवायचं. कुणाला वर्षानं, कुणाला तीन महिन्यांनी.

त्यातला हाडाचा आरा मला सगळ्यात शहाणा वाटतो. झीज किती टक्के, भागिले वय. पन्नाशीच्या माणसाचं पाव हाड गेलं असेल तर २५ भागिले ५० म्हणजे अर्धा. पंचविशीच्या पोराचं तेवढंच गेलं असेल तर एक. क्ष-किरणाचं चित्र एकसारखं, अर्थ दुप्पट गंभीर. आपण म्हणतो, "वय झालं, दात पडायचेच." इथे वय छेदात आहे, दात पडण्याचं कारण म्हणून नाही. बैलबाजारात जनावराचा ओठ वर करून आदत, दुसा, चौसा असं म्हणणारा व्यापारी दातावरून वय काढतो. दंतवैद्याला वय आधीच माहीत असतं. त्या वयाला हे तोंड शोभतं का, ते तो बघतो. २०१७ मध्ये शिकागोला जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवलेल्या वर्गवारीतही हा भागाकार आहे. तिथे पायऱ्या चार आणि वेगाच्या श्रेणी तीन, ए, बी, सी. मधुमेह्याची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, सात किंवा वर असली की श्रेणी थेट सी. "शुगर आहे का?" हा प्रश्न दातांच्या डॉक्टरनं का विचारावा, याचं नवल वाटणाऱ्यांना ल्यो यांनीच १९९३ मध्ये उत्तर दिलं होतं: हिरडीचा आजार ही मधुमेहाची सहावी गुंतागुंत. शर्करा रक्तात वाढली की दातावरची शर्करा जास्त घात करते. दोन्ही शर्करा, एक गोड, एक रेताड.

राहिला धूम्रपानाचा आरा. विडी-सिगारेट ओढणाऱ्याची हिरडी फसवी असते. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, सळई घातली तरी रक्त कमी येतं, हिरडी वरून घट्ट आणि फिकट दिसते आणि आत हाड चाललेलं असतं. लांग-टोनेत्तींच्या षटकोनात दिवसाला वीसपेक्षा जास्त सिगारेटी म्हणजे वरची जोखीम. शिकागोच्या वर्गवारीत दहापासूनच सी. पण हे आकडे सिगारेटींचे आहेत, आणि महाराष्ट्रात तंबाखूची रूपं सिगारेटीत मावत नाहीत. तंबाखू पोर्तुगिजांबरोबर आली आणि दख्खनेत लवकर रुजली. मोगल दूत असद बेग यानं १६०५च्या सुमारास अकबराच्या दरबारात ती नेली तेव्हा ती विजापूरहून नेली. इथल्या भाषेनं तिच्या प्रत्येक रूपाला वेगळं क्रियापद दिलं. विडी ओढायची, तंबाखू खायची, चुना लावून मळायची, आणि मशेरी लावायची.

हा 'लावणे' दवाखान्यात नडतो. छापील अर्जावर रकाना असतो, 'तंबाखूसेवन: होय/नाही'. खुर्चीतल्या काकूंना विचारलं जातं, "तंबाखू खाता का?"

"छे हो, आमच्या घरात कुणी हातसुद्धा लावत नाही."

त्या खोटं बोलत नसतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटानं दातांना लावायची, हे खाणं नव्हेच. ते दात घासणं. काहीजणी दुपारीही लावतात, रात्रीही, आणि लावून बराच वेळ तशाच बसतात. जिथे ती धरून ठेवतात तिथली हिरडी खाली सरकलेली असते, आतून गालाला पांढरट चट्टा असतो. तोंड बघून अनुभवी डॉक्टर ओळखतात आणि प्रश्न फिरवून विचारतात, "काकू, दात कशानं घासता?"

"मशेरीनं. पण थोडीशीच हं, चिमूटभर."

"दिवसातनं कितीदा?"

"आता ते कुठं मोजायचं, डॉक्टर."

रकान्यात 'होय' लिहिलं जातं. पुढे 'प्रतिदिन संख्या' अशी चौकट असते. तिथे मदतनीस मुलगी क्षणभर पेन उचलून डॉक्टरांकडे बघते, आणि डॉक्टर म्हणतात, "लिही, चिमूटभर, अनेकदा."